घूसराव कुणाच्या आवाजात बोलायचा

आमच्या घरात एक जुना कार्टून पिक्चर आहे. परदेशात आधी पोरांचं पुस्तक निघालं, मग त्यावरून पिक्चर काढला आणि तो लय गाजला, असं मुलगा सांगतो. तो लहान असताना कधीतरी रविवारी टीव्हीवर लागायचा. तेव्हा आम्ही कळव्याच्या चाळीत होतो आणि टीव्ही शेजारच्यांचा होता. आता बिल्डिंगमध्ये आलो, टीव्ही आमचा आहे, आणि मुलाने तोच पिक्चर पेनड्राइव्हवर आणून ठेवलाय.

पिक्चरमध्ये कुणी बोलत नाही, नुसता बाजा वाजतो. एक लठ्ठ जनावर, लांब थोबाड, अंगात बंडी. त्याची छत्री वाऱ्याने उडते आणि ते दिवसभर जंगलात ती शोधत फिरतं. मुलाने जनावराचं इंग्रजी नाव सांगितलेलं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. बायको म्हणाली, "घूस आहे."

मी म्हटलं, "घूस बंडी घालते का?"

"तुम्ही नाही का घालत?"

विषय संपला. तेव्हापासून तो घूसराव, आणि घरी वाट बघणारी त्याची बायको घूसबाई.

माझी बायको यंदा गेली. तेराव्याला पाहुण्यांनी जिलेबी परत परत मागून घेतली आणि मला धीर दिला. मी सगळ्यांना सांगितलं, ठीक आहे. खोटं सांगितलं. पण ते रडगाणं इथे कशाला?

खरी पंचाईत नातीची झाली. मुलगा-सून कामाला जातात. दुपारी आजी हा पिक्चर लावायची, वरून आपल्या पदरचं बोलायची आणि ते ऐकत पोरगी ताट साफ करायची. मी तेव्हा कट्ट्यावर पत्ते कुटत असायचो. आजी गेली आणि पोरीने दुपारचं जेवण सोडलं. माझ्या हातचा घास दिसला की दात आवळून बसायची. हाडं दिसायला लागली.

सून म्हणाली, "बाबा, या आठवड्यात नाही जेवली तर सोमवारपासून पाळणाघर."

पाळणाघर मी बघून आलेलो. बाई चांगली आहे, तिला नाव ठेवत नाही. पण पोरं ओळीने निजवलेली, भाजीवाल्याकडच्या दुधी भोपळ्यांसारखी. आणि आमची तिकडे गेली तर दिवसभर घरात मी आणि फ्रीज. फ्रीज तरी मधूनमधून काहीतरी गुरगुरतो.

म्हणून शुक्रवारी वरणभात कालवला आणि पिक्चर लावला. मी चौथी शिकलेला, धडा वाचावा तसा बोललो, "घूसराव छत्री शोधत आहे."

"तसं नाही, आबा. आजीसारखं!"

मी आवाज बारीक केला, बायकी.

"घूसराव बाई नाहीये!" पोरगी ओरडली.

मग नाटकातल्या राजासारखा आवाज काढला. ती तोंड फिरवून बसली. तेवढ्यात तिचा पाय ताटाला लागला आणि वरण माझ्या लेंग्यावर. माझं टाळकं फिरलं. पोरीवर ओरडवेना, म्हणून टीव्हीकडे बघून ओरडलो, "अरे कुठे ठेवली छत्री? या घरात एक वस्तू जागेवर मिळेल तर शपथ! आणि हा वारा कुणी सोडला? बंद करा तो!"

पोरगी गर्रकन वळली. "हां! असंच!"

तोंड उघडं होतं. मी घास कोंबला. तिने गिळला.

"आता ससा मध्ये येतो," ती म्हणाली. "म्हण, 'बाजूला हो रे आंधळ्या, लायसन कुणी दिलं तुला?'"

माझा हात ताटातच राहिला. हे वाक्य मी घरात कधी बोललो नाही. हे मी टेम्पो चालवायचो तेव्हाचं वाक्य. माजिवड्याच्या सिग्नलला खिडकीतून डोकं काढून जे काय बोलायचो, त्यातलं एक, आणि त्यातलं बऱ्यापैकी सभ्य. बायकोला खडवलीला माहेरी सोडायला जायचो तेव्हा ती शेजारी बसलेली असायची. डोक्यावर पदर, नजर समोर. मला वाटायचं, घाबरलीय बिचारी. बिचारी पाठ करत होती!

मी म्हटलं वाक्य. सशाला म्हटलं, बेडकाला म्हटलं, छत्रीत अंडी घालून बसलेल्या पाखराची तर आईच काढणार होतो, पण पोरगी म्हणाली, "तिथे घूसराव गप्प होतो." मी गप्प झालो. ताट रिकामं झालं.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. पोरीने पिक्चर थांबवला.

"बाबा, जेवली?"

"जेवली. तुझी सासू माझी नक्कल करायची, हे तुला माहीत होतं?"

सून फुसकन हसली. "अहो, अख्ख्या मजल्याला माहितीये. बायका दारात उभ्या राहून ऐकायच्या."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही ओरडला असता ना." मग म्हणाली, "पाळणाघरवाल्या बाईंना काय कळवू?"

"कळव, घरचं जनावर कामाला लागलंय."

फोन ठेवला. पिक्चरचा शेवटचा तुकडा राहिलेला. घूसराव छत्री पाखराला सोडून येतो, भिजून चिंब. घूसबाई दार उघडते. मी तोंड उघडणार, तर पोरीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आता ती बोलते. ती मी."

आणि कमरेवर हात ठेवून, ओठ मुडपून, भुवई एका बाजूने वर चढवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आलात? कुठं उलथला होतात एवढा वेळ? बसा."

मी बसलेलोच होतो. तरी जरा सरकून नीट बसलो.