तळ्याकाठची पायरी

अगं मीनू, फोन जरा कानाजवळ धर. आईशी बोलतानाही तुझं लक्ष लॅपटॉपमध्येच! आज इथे, आयर्लंडच्या या टोकाला लेटरकेनीत, मका भाजला, आणि त्या वासानं ग्वाटेमालाच्या डोंगरातलं ते तळ्याकाठचं गाव डोळ्यांपुढे आलं. होडीतून उतरले नि तुझे बाबा पायरीवरच बसले. “थांब गं, दम लागलाय.”

मी हसले. “अहो, रोज पर्वती चढणारे तुम्ही, नाटकं पुरे!”

कणसं भाजणाऱ्या बाईनं मात्र आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते ओशाळून उठले आणि माझ्यामागे चढत राहिले. महिन्याभरात हार्ट अटॅकनं गेले.

परक्या बाईला दिसलं ते मला दिसलं नाही. तुझ्या दादाला हे अजून सांगितलेलं नाही. तो डॉक्टर आहे, मला दोष देणार नाही, आणि तेच सोसवणार नाही. तू कॉर्कहून लवकर ये गं.