कमरेएवढ्या पाण्यात उभा नुरजीदादा

नर्मदेच्या काठावर माझ्याइतक्या उंचावरून पाण्यात उतरलेला माणूस नंदुरबार जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. उतरलो एकदाच, तेही खडकाच्या टोकावर लघवीला उभा असताना पाय घसरून. मला बाहेर काढलं नुरजीदादानं, पट्ट्याला धरून, रेडकू ओढावं तसं. मी तोंडात गेलेलं शेवाळ थुंकत "काय घाण पानी शे" म्हणत बसलो. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "पाणी चांगलं होतं. तू मुतलास त्यात." आमची ओळख झाली ती अशी.

मी मोलगीहून नदीकाठच्या साहसी खेळांच्या कॅम्पवर पाहुणे आणायचो, जीपनं. पाण्याच्या कडेनं खडकांवरून सरपटायचं, खडक संपला की पोहायचं, कडा आला की वर चढून उडी मारायची, असा तो खेळ. समुद्रावर याला कोस्टिअरिंग म्हणतात म्हणे. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून कॅम्पच्या मालकानं धरणाच्या फुगवट्यालाच समुद्र करून टाकला. ड्रायव्हर कमी पडला तर मी, मदतनीस कमी पडला तरी मीच. शाळा मी तिसरीत सोडली, पण पाहुण्यांना सांगायचो की मी या काठाचा मास्तर आहे.

खरं सांगतो, मला त्या कामाची शिसारी यायची. पाहुण्यांना तरंगायला दिलेली ती लाल जाकिटं कधी धुवायचे नाहीत. पन्नास माणसांचा घाम त्यात मुरलेला, हातात घेतली की माझ्या नाकातले केस जळायचे. ओल्या बुटांतून आंबलेल्या ताकासारखा वास. काठाला चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या पत्रावळ्या, आणि घाटातल्या वळणांनी पाहुण्यांच्या पोटातून वर आलेला नाश्ता. नुरजीदादा ते सगळं हातानं गोळा करायचा. साठीचा माणूस, अंगावर मांस असं नाहीच, नुसत्या शिरा. मी नाक दाबून लांब उभा राहायचो. तो म्हणायचा, "वास नाकाला येतो. हाताला येत नाही. तू नाक धर, मी हात लावतो."

तो वरच्या पाड्यावरचा. त्याचं जुनं गाव त्याच पाण्याखाली गेलेलं. सगळ्यांना "तू" म्हणायचा, मालकालासुद्धा. पाहुण्यांनी उडी मारायच्या आधी रोज सकाळी तो स्वतः पाण्यात शिरायचा, हात वर करून सरळ उभा खाली जायचा. पाय तळाला टेकला तर त्या दिवशी उडी बंद. नाही टेकला तरच चालू. होळीच्या सुमाराला पाणी रोज उतरतं आणि खाली सागाचे बुंधे आहेत, ते फक्त त्याला माहीत. मालक बांबूनं मोजू म्हणाला, तर हा म्हणाला, "बांबू बुंध्याच्या बाजूनं जातो. पायाला विचार."

त्या वर्षी त्याचा नवस होता. मुलीचं बाळ जगलं म्हणून काठी गावच्या होळीत पाच वर्षं नाचायचं बोलला होता. हे पाचवं. आधीचे पाच दिवस असं नवसाचं माणूस अंगाला पाणी लावत नाही, खाटेवर बसत नाही, चप्पल घालत नाही. त्याच्या घरात असंही मानतात की मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. साठीच्या गुडघ्यांना आणखी पाच होळ्या म्हणजे काय, ते त्याच्या चालण्यावरून मलाही कळत होतं.

म्हणून तो मला म्हणाला, "पाच दिवस तू उतर. पाय टेकला की सांग."

मी छाती पुढे काढून "हाव" म्हणालो. तीन दिवस उतरलोही. चौथ्या दिवशी सकाळी काठाशी मेलेली कोंबडी तरंगत होती, फुगून पांढरी पडलेली. तिच्याभोवती तेलाचा तवंग. आत शिरायचं तर गुडघाभर काळा गाळ तुडवत तिच्या शेजारूनच जायचं. मी जीपमधून विकतच्या पाण्याची बाटली आणली, डोक्यावर ओतली, चड्डी ओली केली आणि थरथरत वर आलो. थरथरणं छान जमलं होतं.

"पाय टेकला?" नुरजीदादानं विचारलं.

"नही टेकना दादा. लई खोल शे."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. पोटऱ्या स्वच्छ, गाळाचा ठिपका नाही. तो गाळ अर्धा दिवस केसांतून निघत नाही.

"थांबव सगळ्यांना," तो मालकाला म्हणाला.

कड्यावर पुण्याची एक बाई उभी होती, हेल्मेट घातलेली. खालून तिचा नवरा मोबाईलमध्ये तिचा व्हिडिओ घेत होता. मालक माझ्याकडे वळला. "तू उतरला होतास ना?"

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पण त्या बाईला मी जीपमध्ये अर्धा तास माझ्या पोहण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी म्हणालो, "हां साहेब, सोता उतरी उनू."

"मग झालं. मॅडम, तीन म्हटलं की या."

मालकानं एक म्हटलं. नुरजीदादानं डोक्याचं फडकं सोडून खडकावर ठेवलं. दोन म्हणेपर्यंत तो खालच्या दगडावरून पाण्यात गेला होता. कोंबडी हातानं बाजूला सारली, चार हात मारले, आणि बाई जिथे पडणार होती तिथे उभा राहिला. उभाच. पाणी त्याच्या कमरेला होतं. पायाखाली बुंधा होता.

बाई कड्यावर खाली बसली. तिच्या नवऱ्यानं मोबाईल खिशात घातला. नुरजीदादा बाहेर आला, अंग पुसलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, फडकं उचललं आणि पाड्याच्या वाटेला लागला. कॅम्पवर तो परत आला नाही. मला तेव्हा वास येत होता, कोंबडीचा नव्हे, माझाच. आंघोळीनं जाणारा तो नव्हता.

होळी झाल्यावर मी डझनभर केळी घेऊन पाड्यावर गेलो. तो नाचला नव्हता. जमिनीवर बसून गुडघ्याला तेल लावत होता. माफी मागायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून विनोदच निघतो. म्हणालो, "दादा, घाबरू नको. पुढची पाच वर्षं तुन्हा नवस मी करस. पाच दिवस आंघोळ न करणं तर मला येतंच."

तो हसला नाही. त्याची बायको चुलीपाशी होती. तिनं केळी माझ्या हातात परत दिली.

"नवस खरं बोलणाऱ्या माणसानं करायचा असतो," ती म्हणाली. "ऊठ, तुझी जीप वाटेत उभी आहे. बैलांना जागा नाही."