चोवीस वाटे आणि एक कलेजी

माझे वडील कडेगावाजवळच्या आमच्या गावात गणिताचे मास्तर होते, आणि कुणाकडं काही मागणं सोडलं तर त्यांना बहुतेक सगळं जमायचं.

नव्वदीतल्या एका आखाडात आम्ही आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून बकरा घेतला. डावीकडच्या घराचा पाव हिस्सा, उजवीकडच्या, लष्करातून निवृत्त झालेल्या हवालदारांचा एक षष्ठांश, उरलेला आमचा; कारण ताई बाळंतपणाला आली होती आणि तिच्या सासरची माणसं यायची होती. बाळंतपणानंतर ताई पांढरीफटक पडली होती. तिला कलेजी खायला घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढी कलेजी आम्हाला द्या, इतकंच वडिलांनी शेजाऱ्यांना म्हणायचं होतं. पण मास्तरांनी मटणासाठी तोंड वेंगाडायचं कसं? त्यांनी गणित काढलं.

चार आणि सहाचा लसावि बारा, तेव्हा बाराच वाटे घाला, असं त्यांनी फर्मावलं. हवालदारांना ते पटेना. वाटे जितके बारीक तितका न्याय चोख, असं त्यांचं लष्करी मत होतं. चार सक चोवीस करा म्हणाले. वडील खवळले. सात बारांश काय आणि चौदा चोविसांश काय, आमच्या ताटात पडणार तेवढंच, हे सहावीतल्या मलाही कळत होतं. पण प्रत्येक वाट्यात कलेजी पडणार होती आणि बारातला तिचा तुकडा निदान डोळ्यांना दिसला असता, म्हणून ते लसाविसाठी घसा कोरडा करत राहिले.

शेवटी पोत्यावर चोवीस वाटे पडले. हवालदारांनी ते निरखून बघितले.

“आवं मास्तर, कलेजी कुठं हाय?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. कलेजीवाचून बकरा इतके दिवस जगला कसा, यावरही थोडी चर्चा झाली.

कलेजी आमच्या चुलीवर होती. आईनं सकाळीच दोन्ही घरच्या बायकांना विचारलं होतं आणि बाळंतिणीसाठी म्हटल्यावर त्या लगेच व्हय म्हणाल्या होत्या. पुरुषांना सांगावं असं तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही. इकडं छेदावरून जुंपलेली असताना आई ती सगळ्यांच्या देखत उचलून घेऊन गेली होती.

हे कळल्यावर हवालदार हसत सुटले, आणि वडील माझ्यावर खेकसले, पाढे पाठ कर म्हणून.

ते जेवायला बसले. मग आईकडं न बघता म्हणाले, “तिला पुरली का?”

“पुरली की,” आई म्हणाली. “आख्खी होती.”