पप्पांनी न पाहिलेले शेवट

पंधरा दिवसांत मी आणि पप्पांनी नऊ जुने पिक्चर पाहिले. त्यातले सहा भंगार. तरी पाहिले, कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पप्पांची फुप्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत. दोन महिने, कदाचित कमीच. पप्पांना हे माहीत नव्हतं, आईलाही नाही. घरात इंग्रजी रिपोर्ट वाचता येणारी मी एकटी, कॉलेज पुरं केलेलीही मीच पहिली. त्यामुळे कुणाला काय सांगायचं ते मीच ठरवलं.

पप्पांनी घाटकोपरच्या एका थिएटरात अठ्ठावीस वर्षं डोअरकीपर म्हणून काढली. अंगात खाकी, हातात बॅटरी. पिक्चर संपत आला की त्यांना खाली जाऊन जाळीचं गेट उघडावं लागे, पुढच्या शोची गर्दी आवरावी लागे. म्हणून शेकडो पिक्चर पाहिलेल्या या माणसानं शेवट एकाचाही पाहिला नव्हता. लहानपणी आम्हाला स्टोरी सांगताना शेवट ते स्वतःच जोडायचे. मला वाटलं, राहिलेले शेवट तरी दाखवू. दुपारी ऑफिसचा लॅपटॉप मिटायचा, मोबाइल टीव्हीला जोडायचा. ऑक्सिजनचं मशीन घरघरतं, म्हणून आवाज मोठा.

पप्पांची मतं ठाम. हिरॉईन ढसाढसा रडते आणि काजळ जागचं हलत नाही, म्हणजे पैसे वाया. व्हिलनच्या अड्ड्यावर रिकामी खोकी सोडून दुसरा माल नसतो, मग हा श्रीमंत झाला कसा? हे माझंही मत. एका पिक्चरात टीबी झालेला हिरो खोकत खोकत अख्खं गाणं म्हणतो. पप्पा नाकातली नळी सारखी करत म्हणाले, "याला दम कुठून येतो गं?" मी हसले. तेही हसायला गेले, आणि मग पाच मिनिटं मी त्यांची पाठ चोळत होते.

नववा पिक्चर दोन भावांचा. थोरला गोदीत हमाली करून धाकट्याला वकील करतो. पुढे तोच वकील कोर्टात थोरल्याच्या विरुद्ध उभा राहतो. पप्पांच्या स्टोरीत धाकटा भर कोर्टात काळा कोट काढून थोरल्याच्या पाया पडायचा. पडद्यावर तसलं काही नाही. थोरल्याला सजा होते, धाकटा गाडीत बसून निघून जातो. मला हा शेवट आवडला. मी म्हणालेही, की पप्पा, तुमचा शेवट गोड होता, पण हा खरा आहे. माणसाला फसवू नये.

पप्पांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "बरं. आता माझं खरं सांग. डॉक्टर काय म्हणाला?"

एवढं बोलून बसल्यावर खोटं सांगायला तोंड नव्हतं. सांगितलं.

"तुला कधी सांगितलं त्यानं?"

"पंधरा दिवस झाले, पप्पा."

"पंधरा दिवसांपूर्वी मी बिल्डिंगच्या गेटपर्यंत चालत होतो. गाडी करून गावी गेलो असतो. तू मला पिक्चर दाखवत बसलीस."

गावी म्हणजे जालन्याकडे, त्यांच्या थोरल्या भावाकडे. आजीच्या मयताला पप्पा वेळेवर पोचले नाहीत, तेव्हापासून बारा वर्षं दोघांचं बोलणं बंद. आम्ही पोरं समजत होतो, तो विषय संपला. पप्पांच्या डोक्यात तो रोज होता, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. आता प्रवासाचं नावही काढू नका, म्हणाले. मग काकांना लावला, पप्पांना बोलायचंय एवढंच सांगितलं आणि मोबाइल पप्पांच्या कानाशी धरला. "दादा," पप्पा म्हणाले. पुढचं वाक्य सुरू केलं, दम पुरला नाही. परत सुरू केलं. काकांना कमी ऐकू येतं, ते पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले. तिसऱ्यांदा पप्पांनी नुसती मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी मोबाइल घेतला. काका म्हणत होते, "त्याला बोलायचं असंल तर त्यानं बोलावं. मधी तू कशाला?"

"त्यांना बोलता येत नाही, काका. दिवस राहिले नाहीत त्यांचे. तुम्ही निघा."

काय, काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं. मला तेच परत, ओरडून सांगावं लागलं. तोवर आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी होती.