एक वर्षाची ठेव

माझी माय भित्री होती. वस्तीतल्या बायका तिला चिक्कू म्हणत, मामा अडाणी म्हणे, पण खरा शब्द भित्री हाच. मी चौथीत असताना बाप गेला आणि त्यानंतर तिने कुणाला विश्वासावर दोन रुपये दिल्याचं मला आठवत नाही. कोंबडी विकायची तरी पैसे हातात आल्याशिवाय ती कोंबडीचे पाय सोडत नसे. मला तिची लाज वाटे, आणि मी ती लपवत नसे.

आमचं गाव मेडशीच्या सडकेपासून दोन मैल आत. खालच्या अंगाला नाला आणि नाल्याकाठी आमचं दीड एकर वावर, बापाच्या मागे मायच्या नावावर चढलेलं. दुष्काळात सरकारने तिथे तलाव काढला. त्या कामावर मायने स्वतः मातीची टोपली वाहिली, म्हणजे आपलंच वावर बुडवायची मजुरी तिने रोजच्या रोज घेतली. पुढे मोबदला मंजूर झाला, बाराशे रुपये. एवढी रक्कम आमच्या घरात त्याआधी कधी आली नव्हती.

ती घ्यायला आम्ही दोघी कचेरीत गेलो. कारकुनाने मायचं तोंडही पाहिलं नाही. तिचा अंगठा धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला, परत शाईत, परत कागदावर, चार ठिकाणी. पोरं भेंडी कापून ठसे मारतात तसा. बाहेर आल्यावर मायने तो अंगठा लुगड्याला पुसला नाही, वेगळा धरून ठेवला. बसस्टँडवर मला म्हणाली, "हा आखरीचा. आता मले सही शिकव."

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात गेले होते. वर्षभराने अकोल्याला मास्तरकीच्या कॉलेजात जायचं हे ठरलेलं होतं, निदान माझ्या डोक्यात. दोन वर्षांची फी, राहणं आणि खाणावळ मिळून बाराशे रुपये जेमतेम पुरणार होते. म्हणजे प्रश्न एवढाच होता की हे पैसे वर्षभर कुठे ठेवायचे. घरात ठेवायचे तर घराला दार होतं, पण ते लाथेने उघडणारं.

मामा किन्हीराजाहून मुद्दाम आला. तो आपले पैसे कापसाच्या एका अडत्याकडे ठेवत असे आणि अडत्या त्याला शेकडा दोन रुपये महिना देत असे. पोस्ट वर्षाला जेवढं देईल तेवढं हा तीन महिन्यांत देतो, असं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. मला ते पटलं. मी गणितात हुशार होते आणि तेवढ्याच तोऱ्यात मायला समजावून सांगितलं की पोस्टात टाकणं म्हणजे चालून आलेली लक्ष्मी ढकलणं. माय ज्वारी निवडत होती.

"थो पयून गेला तं?" तिने मामाला विचारलं.

मामा हसला. एवढं मोठं दुकान, दोन बैलगाड्या, बायको-पोरं टाकून तो कुठे पळणार? माय म्हणाली, "व्याज कमी भेटलं तं चालीन. मुद्दल पोरीचं हाये." आणि ती परत ज्वारी निवडायला लागली. मामा जेवला आणि रागारागाने निघून गेला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

इथेच सांगून टाकते, तो अडत्या पळाला नाही. बुडालाही नाही. मामाला त्याने वर्षभर महिन्याच्या महिन्याला व्याज दिलं, आणि मामा दर बाजाराला ते आम्हाला ऐकवायचा. माझा जळफळाट व्हायचा.

पोस्टाची एक वर्षाची मुदत ठेव आम्हाला आमच्या पोस्टमनने सांगितली. तो सायकलवर आठवड्यातून दोनदा गावात येई आणि सगळ्यांची पत्रं वाचूनही देई. पैसे ठेवायचे, पुस्तक घ्यायचं, वर्ष भरलं की व्याजासकट उचलायचे, मधे कुणाच्या तोंडाकडे पाहायचं काम नाही. मायला हे शेवटचं वाक्य फार आवडलं.

तिला सही शिकवायला मला पंधरा दिवस मिळाले. तिचं नाव, माझ्या बापाचं नाव, आडनाव, असे तीन शब्द. विळा धरणारा हात पेन्सिल धरायला तयार नव्हता. कागद फाटे, टोक मोडे, आणि मी ओरडे. ज्या दिवशी बाजाराच्या गावच्या पोस्टात पैसे भरायला गेलो, त्या दिवशी तिने सहीला एवढा वेळ लावला की मागे रांग झाली. तेव्हाचे पोस्टमास्तर म्हातारे होते, ते म्हणाले, लागू द्या वेळ. सही झाली. पहिला शब्द उताणा, दुसरा वाकडा, आडनावाचं शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे रेघेच्या खाली घसरलेलं. मायने ती पाहिली आणि तिचा चेहरा असा झाला की माझाही राग थोडा वेळ उतरला.

परतताना एसटीत ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, "सही करून आली मी." ठेवीचं नाव नाही, बाराशेचं नाव नाही. फक्त सहीचं.

मग वर्षभर तिला दुसरं वेड राहिलं नाही. निंदणाहून आली की चुलीतली राख पसरून त्यात बोटाने नाव काढायची. कोळशाने भिंतीवर काढायची आणि सणाच्या आधी स्वतःच सारवून टाकायची. बुद्धविहारातल्या वर्गणीच्या वहीत, रेशनच्या कार्डाच्या कडेला, कुठेही जागा दिसली की तिचं नाव. मला मास्तरीण व्हायचं होतं आणि हाताशी एकच विद्यार्थिनी होती, तेव्हा मी तिला सोडलं नाही. हे वाकडं, ते पुसट, दोन शब्दांत जागा ठेव, रेघ सोडू नको. ती एका शब्दाने उलट बोलायची नाही. पुसायची आणि पुन्हा काढायची. दिवाळीपर्यंत तिचं अक्षर सरळ झालं, आणि उन्हाळ्यात मी मॅट्रिकची परीक्षा देऊन आले तोवर सुंदर झालं. हो, सुंदर. माझ्याहून बरं.

मी पास झाले. कॉलेजच्या यादीत नाव लागल्याचं कार्ड पोस्टमनने स्वतः वाचलं आणि मग मला दिलं. पहिली फी शनिवारी दुपारी बारापर्यंत भरायची होती, नाहीतर जागा पुढच्या नंबराला. आमच्या ठेवीची मुदत शुक्रवारी भरत होती. मधे एक रात्र. मामाकडे मागायला माय तयार नव्हती, आणि वर्षभर त्याचं ऐकून घेतल्यावर मीही नव्हते.

शुक्रवारी पहिल्या एसटीने निघालो. पोस्ट उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर बसलो होतो. पैशांचं काम दोन वाजेपर्यंतच चाले. आत पाहिलं तर म्हातारे पोस्टमास्तर नव्हते. त्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी तिशीतला, चष्म्याचा माणूस होता. मायने पुस्तक दिलं, फॉर्म घेतला, आणि माझ्याकडे एक नजर टाकून सही केली. एका दमात, न थांबता. मी शेजारी उभी होते आणि मला तिचा अभिमान वाटला. तो जेमतेम दोन मिनिटं टिकला.

नव्या पोस्टमास्तरांनी गेल्या वर्षीचा कागद काढला, दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि चष्मा पुसला.

"बाई, ही सही तुमची नाही."

माय म्हणाली, माझीच हाये. त्यांनी कागद आमच्याकडे वळवला. एकीकडे ती उताणी, वाकडी, घसरलेली तीन नावं, आणि दुसरीकडे छापल्यासारखी. मलासुद्धा त्या दोन बायकांच्या सह्या वाटल्या असत्या. मी सांगायला लागले, हिनं वर्षभर गिरवली, मी शिकवली. सांगता सांगता मला कळत गेलं की मी काय करून बसले होते.

ते वाईट माणूस नव्हते. आवाज न चढवता म्हणाले, की जशी तेव्हा केली तशी करा, मी लगेच पैसे देतो. त्यांनी नवा फॉर्म दिला. माय वाकडं लिहायला गेली. आलं सरळच. मी तिच्या कानाशी लागले. हे अक्षर पाड, इथे जागा सोडू नको, शेवटचं खाली घे. ज्या तोंडाने वर्षभर सरळ कर म्हटलं त्याच तोंडाने वाकडं कर म्हणत होते. दुसरा फॉर्म गेला, तिसरा गेला. वाकडी येई, पण तशी वाकडी येत नसे. चौथ्याला तिच्या कपाळावरचा घाम कागदावर पडला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

"आता बस करा," पोस्टमास्तर म्हणाले. "असं समोर गिरवून केलेली सही मला घेताही येणार नाही. उद्या दुसरी बाई आली आणि म्हणाली की ठेव माझी होती, तर मी कुठून भरून देऊ?"

मला वाटलं माय हात जोडेल. तिने मान हलवली. "बरोबर हाये तुमचं," ती म्हणाली. "असं पाहून देता म्हणूनच तं इथं ठेवले."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. माझं वर्ष चाललं होतं आणि ही पोस्टाची बाजू घेत होती.

मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. अंगठा चालेल. मात्र पोस्टाच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, ही तीच बाई म्हणून सांगणारे. आमचा पोस्टमन फेरीवर होता, एकपर्यंत येणार होता. समोरचा शिंपी वीस वर्षांपासून तिथे बसत होता आणि बाजाराच्या दिवसांमुळे मायला ओळखत होता. मी धावत जाऊन त्याला घेऊन आले. मशीन तशीच सोडून, गळ्यात फीत घेऊन तो आला. पोस्टमन सव्वाला आला, सायकल भिंतीला टाकून थेट आत. दोघांनी सह्या केल्या. शाईची डबी उघडून मायच्या पुढे सरकवली गेली.

माय हलली नाही.

तिचे दोन्ही हात पदराखाली होते. पोस्टमन म्हणाला, लाव ना बाई. शिंपी म्हणाला, त्यात काय जाते. ती डबीकडे पाहत होती. पावणेदोन वाजायला आले होते. मला त्या घड्याळाच्या काट्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं, आणि मी चारचौघांत तिच्यावर ओरडले.

"लाव ना अंगठा. कायची एवढी अकड? आयुष्यभर अंगठाबहाद्दरच तं होती तू."

शिंप्याने मान फिरवली. माझ्या तोंडून तो शब्द गेला तो मला आजही परत घेता येत नाही, आणि त्या वेळी घ्यावासा वाटलाही नाही, हेही खरं. मला पैसे हवे होते.

मायने पदरातून हात काढला. कुणाला धरू न देता, स्वतः अंगठा शाईवर ठेवला, स्वतः कागदावर टेकवला आणि उचलून घेतला. ठसा स्वच्छ आला. दोनला पाच मिनिटं असताना पैसे मिळाले, पूर्ण मुद्दल आणि वर व्याज. तिने ते मोजले, पोलक्यात घातले आणि पोस्टमास्तरांना नमस्कार केला. एसटीत ती खिडकीशी बसली. मी चूक झाली म्हणायला तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "उद्याची गाडी कितीची हाये ते पाह्य." मी पाहिलं. साडेसहाची होती.

शनिवारी दहाच्या आत आम्ही अकोल्याला कॉलेजात होतो. फी भरली, पावती झाली, जागा माझी झाली. मला इतकं हलकं वाटलं की शुक्रवार कधी घडलाच नाही असं वाटायला लागलं. शेवटी कारकुनाने प्रवेशाचा फॉर्म पुढे केला आणि पालकाची सही मागितली. मी पेन उघडून मायच्या हातात दिला. मनात म्हटलं, करू दे इथे, सावकाश, पाहिजे तेवढी सुंदर. इथे जुळवायला मागचा कागद नव्हता.

तिने पेन टेबलावर ठेवला आणि कारकुनाला विचारलं, शाईची डबी हाये का.

"माय, सही येते ना तुले," मी म्हणाले.

"येते," ती म्हणाली. "पण सही बदलते. दोन वर्सानं इथं कोनी म्हनलं का हे तुही माय नाही, तं काय करसीन? अंगठा बदलत नाही."

तिने अंगठा लावला. कारकुनाला कामाची घाई होती. त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, अंगठ्याच्या बाजूला बाईंचं नाव लिहून दे. मी लिहिलं. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव. माय माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. तिने तिन्ही शब्द ओठ हलवत वाचले आणि म्हणाली, बरोबर हाये.