इंग्लंडचा मुनवा

एलएलएमच्या प्रबंधासाठी मी बोळिंजच्या वन रूम किचनमध्ये बसून जगातली झाडून सगळी विद्यापीठं पालथी घातली होती. पासपोर्ट नव्हता. परदेशगमन म्हणाल तर सायकलवरून निर्मळ गावापर्यंत. तिथे माझे मार्गदर्शक राहत: एरवी कायदा शिकवणारे, सुट्टीच्या दिवशी केळीच्या वाडीत गुडघाभर चिखलात. विषय होता, कुठल्या देशात विद्यापीठ सरकारच्या हाताबाहेर किती. प्रबंध इतका जाड, की कॅरिअरवर ठेवला की सायकलचं पुढचं चाक उचललं जायचं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सरांची सही हवी होती. ती मिळाली नाही तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर नालासोपाऱ्यात मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात माझी स्थापना होणार, असा वडिलांचा निकाल होता. त्यावर अपील नाही.

सर म्हणाले, "देश फार झालेत. मोजके ठेवा. आणि आलाच आहात तर हा कोयता घ्या, त्या केळीखालचे मुनवेही छाटा. एकच ठेवा."

मुनवे म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं. सगळी राखली तर घड नीट पोसत नाही. मी पडलो फ्लॅटमधला. रुंद पानांचा, ऐटबाज मुनवा राखला आणि तलवारीसारख्या पानांचे किरटे सपासप उडवले. आवाज ऐकून सरांच्या पत्नी पडवीत आल्या.

"अगं बाई! अहो, तुमच्या वकिलाने गुणी पोरं मारली आणि माजोरडं पाळलं!"

सर खाली वाकले. "रुंद पानाचा नुसता दिसायला. जोर अरुंद पानाच्या मुळात." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "प्रबंधातही हेच केलंत ना?"

केलं होतं. जर्मनी दिमाखात राखला होता, कारण संशोधनाचं आणि अध्यापनाचं स्वातंत्र्य तिथे थेट संविधानात. इंग्लंड पहिल्याच झटक्यात छाटलं. लिखित संविधानच नाही, तिथे स्वायत्तता कसली?

"घोषणा म्हणजे पान, वकीलसाहेब. मूळ बघा. कुलगुरू कोण नेमतं? निर्णय फिरवायचा तर कुणाच्या दारात जायचं?"

पडवीत बसून मी इंग्लंड पुन्हा लावलं. तिथे विद्यापीठ आपला कुलगुरू आपणच निवडतं. जर्मनीत संविधान छातीठोक, पण प्राध्यापक नेमताना मंत्र्याची सही लागत आलेली. आणि आपल्याकडे? न्यायालय म्हणणार, शैक्षणिक बाबतीत आम्ही सहसा पडत नाही. कुलगुरूच्या नेमणुकीचा कागद मात्र राजभवनातून येणार.

शेवटचं प्रकरण घेऊन गेलो तेव्हा सर नुकताच घड उतरवून आले होते. उभ्याउभ्याच वाचलं, "आता मुळाशी आलात," म्हणाले आणि सही केली. हाताला लागलेला केळीचा चीक पानभर उमटला.

मामाच्या दुकानाला मी मुकलो. आज सर नाहीत, वाडीचं काय झालं ते बघायची हिंमत नाही. सहीची शाई फिकटली. चिकाचा डाग मात्र वाळून काळाकुट्ट, तसाच. कुणी विचारलं तर बेधडक सांगतो, इंग्लंडच्या राणीची मोहोर आहे.