दोन काट्यांवरचे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवत होते. शिकवत होते म्हणजे ओरडत होते. मैदानाच्या एका टोकाला शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाला विचारायचं, "पाठीचा कणा घरी ठेवून आलास का?" एवढ्या भांडवलावर माणूस निवृत्तीपर्यंत पोचला. घरीही तेच. जेवायला बसलं की आधी आमच्या पाठी तपासायचे. माझ्या लग्नाचा फोटो नीट बघितलात तर मी घाबरलेला दिसतो. त्याचं कारण बायको नव्हे; फोटोवाल्याच्या मागे भाऊजी उभे होते आणि "खांदे मागे, खांदे मागे" करत होते.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने एका सकाळी ते पँट घालताना पडले. एक पाय आत गेला होता, दुसरा वाटेत होता. मनगट मोडलं. ताईचा फोन आला म्हणून मी धावत गेलो, तर स्वारी अर्धी पँट चढवून पलंगाला टेकून बसलेली, आणि मला सांगते, फरशी ओली होती. फरशी ठणठणीत कोरडी होती. पडलो तरी नाक वर ही म्हण बहुधा त्यांच्याच घराण्यात जन्मली असावी.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. डॉक्टर म्हणाले, "हात ठीक आहे. पण तुम्ही पडलात का, ते एकदा बघून घ्या. खाली व्यायामाच्या बाई आहेत, त्यांना भेटा."

"मला व्यायाम शिकवणार?" भाऊजी म्हणाले.

ताईने मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी त्यांना खाली घेऊन गेलो.

बाई पस्तिशीच्या असतील. आवाज इतका हळू, की भाऊजींना त्यांच्याबद्दल पहिल्या वाक्यालाच तुच्छता वाटली. बाईंनी जमिनीवर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवले आणि प्रत्येकावर एक पाय ठेवून उभं राहायला सांगितलं. "नेहमी सरळ उभे राहता ना, अगदी तसेच राहा."

भाऊजी असे उभे राहिले, जणू समोर चारशे मुलं रांगेत आहेत. उजव्या काट्यावर सत्तेचाळीस किलो, डाव्यावर एकोणतीस.

"काटा बिघडलाय तुमचा."

बाईंनी काट्यांची अदलाबदल केली. पुन्हा उजव्या पायाखाली सत्तेचाळीस.

"आता दुसराही बिघडला," मी म्हणालो. भाऊजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. सगळं काम उजवा पाय करतो. डाव्या कुल्ल्याचे स्नायू बसून खातात. तोल सांभाळायला कंबर एका अंगाला कलते, आणि डाव्या पायावर एकट्याने उभं राहायची वेळ आली की माणूस आडवा. "नवल एवढंच वाटतं, की तुम्हाला इतक्या वर्षांत जाणवलं कसं नाही."

"मी हजारो मुलं सरळ उभी केली आहेत."

"हो ना. त्यात स्वतःकडे बघायचं राहून गेलं असेल."

त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. म्हणून मला जास्तच मजा आली.

व्यायाम विचित्रच होते. गुडघे दुमडून उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि कंबरेची कुठली बाजू जमिनीवर जास्त दाबते ते बघायचं. मग भार सावकाश एका बाजूवरून दुसरीवर न्यायचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, आठ आकड्यांत, घाईने नाही. श्वास कोंडायचा नाही. जोर लावायचा नाही.

"याने घाम येणार नाही," भाऊजी म्हणाले.

"नाही येणार."

"मग हा व्यायाम कसला?"

घरी त्यांनी त्याची कवायतच करून टाकली. ताईने आकडे मोजायचे आणि यांनी खुर्चीवरून ताडकन उठायचं. दहा वेळा, चाळीस सेकंदांत. महिन्याने काटे काढले तर अठ्ठेचाळीस आणि अठ्ठावीस. माणूस मेहनत करून आणखी वाकडा झाला होता.

"तुम्ही शरीराला हुकूम देता," बाई म्हणाल्या. "ते काय उत्तर देतंय ते ऐकत नाही."

परत येताना बसमध्ये ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. एरवी ही पर्वणीच, पण उतरताना पाय खाली टाकण्याआधी त्यांनी धरायला दांडा शोधला तेव्हा मला जरा कसंतरी झालं.

पुढचं ताईमुळे घडलं. खुर्चीत बसून आकडे मोजायचा तिला कंटाळा आला, तेव्हा तीही शेजारी चटई टाकून पडली. दहाएक दिवसांत ती डोळे मिटून सांगायला लागली, "माझी उजवी बाजू नीट टेकतच नाही. एकाच कडेवर दोन्ही मुलं, एकाच खांद्यावर बाजाराच्या पिशव्या. दुसरं काय होणार?" तिला शिकवावं लागलं नाही. शरीर दुखतं कुठे, हे तिला कायम माहीत होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"तुमची कुठली टेकते?" तिने विचारलं.

"दोन्ही सारख्या."

ताईने त्यांच्या कंबरेखाली हात घातला. डावीकडून तळवा आरपार गेला. उजवीकडे बोटंही शिरेनात.

"हे सारखं?"

मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. आता ते फरशीला दोष देणार म्हणून कान टवकारले. भाऊजींनी कंबर जराशी हलवून बघितली. मग म्हणाले, "पुन्हा घाल गं हात." तिने घातला. "डाव्या बाजूला मला काही कळतच नाहीये," ते म्हणाले. आवाज इतका लहान, की मी पेपर खाली केला.

त्या दिवसापासून ते खरंच सावकाश करायला लागले. पाचव्या महिन्यात चाळीस आणि छत्तीस. डाव्या पायावर वीस आकडे न डगमगता.

इथे गोष्ट संपली असती तर मी त्यांना माफ केलं असतं. पण लगेच इमारतीच्या गच्चीवर त्यांचा वर्ग सुरू झाला. बाईंचं नाव नाही, ताईचं तर नाहीच. सगळा शोध यांचा. शिवाय तोंडात शिट्टी. "सावकाश! सावकाश म्हणतोय ना!" पहिल्या रविवारी चौदा लोक आले, तिसऱ्या रविवारी तीन, आणि त्यातल्या एकाला ऐकू कमी येत होतं.

पळालेल्यांना ताईने एकेक करून आपल्या बाहेरच्या खोलीत बोलावलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी नऊजण चटया टाकतात. पाठीसाठी मीही जातो. एका पायावर मी किती सेकंद टिकतो, ते इथे सांगायची गरज नाही.

भाऊजी खिडकीपाशी पडतात. शेजाऱ्यांच्या चुका काढायची उबळ येते त्यांना, पण ताई म्हणते, "तुम्ही आपल्यापुरतं बघा," आणि ते बघतात. परवा तिने सगळ्यांना विचारलं, आज कुठली बाजू जड वाटते. त्यांची पाळी आली. तोंड उघडलं, मिटलं.

"थांब," ते म्हणाले. "बघतोय."

ताईने थोडी वाट बघितली आणि पुढच्याला विचारलं.